डोळा

कॉलेजच्या लाकडी कपाटात तिचा एकच कागद आहे.
डांबरगोळ्यांच्या वासात चपटी झालेली वेल,
फूल कधीकाळी कंदील असावं,
आता तपकिरी डाग.
खाली कुणाच्या तरी वळणदार अक्षरात:
धारूर घाट. मुरमाड उतार. विपुल.

विपुल.
बंद पडलेल्या दुकानाची पाटी वाचावी
तसा मी तो शब्द वाचला.

माझ्याकडचा फॉर्म नवा आहे.
आढळ, अधिवास, स्थिती,
प्रत्येकाला बोटभर जागा.
शेवटी बारीक टायपात: नमुना घेतला का? कुठे जमा केला?

चार दिवस घाट हिंडले.
बोरी, हिवर, कुसळी,
सॉक्समध्ये कुसळं, सॅकमध्ये कोरडी भाकर.
वर पवनचक्क्या.
त्यांची पाती आणणाऱ्या ट्रेलरला वळायला जागा हवी होती,
म्हणून उताराचा एक गालच कापून नेलेला.
मी लिहिलं: आढळली नाही.
मग खोडलं.
जी वर्षातले दहा महिने जमिनीखाली असते
तिच्याबद्दल असं चार दिवसांत कसं लिहायचं?

पाचव्या दिवशी सोजरबाई कोकरे भेटल्या,
अठरा शेरडं आणि एक लंगडं कुत्रं घेऊन.
"तू अंबाजोगाईच्या घड्याळवाल्या शेखाची पोर का?
तुझ्या बापानं माझ्या मालकाचं घड्याळ दोनदा नीट केलं.
तिसऱ्यांदा म्हनला, आता ऱ्हाऊ द्या."
मग कागदाचा फोटो लांब धरून पाहिला.
"ही व्हय? खरचुडी.
पोळ्याच्या आगंमागं दिसती. ज्याला दिसायची त्याला."

बहात्तरला त्या सहा वर्षांच्या होत्या.
आईच्या मागं मागं उतारावर,
हातात खुरपं, पोटात काहीच नाही.
"लई उकरली आमी. खोटं कशाला बोलू?
पन आई म्हनायची, डोळा खायाचा न्हाई.
कंदाला वरल्या अंगाला डोळा असतोय,
तेवढा तुकडा परत मातीत ठिवायचा.
काहींनी ठिवला. काहींनी भुकंपायी न्हाई ठिवला.
त्येंला बी काय म्हनावं?"

निवडुंगाच्या जाळीत हात घालून त्यांनी वेल बाजूला केली.
दोन फुलं. हिरवट, जांभळ्या टोकांची,
करंगळीएवढे उभे कंदील.
एका फुलात चिलट शिरलेलं.
मला हे पुस्तकातून ठाऊक होतं:
आतले केस खाली वळलेले, जाणं सोपं, येणं नाही;
कैद संपते ती केस कोमेजल्यावर,
आणि सुटणारा परागांचं ओझं घेऊन दुसऱ्या कंदिलाकडे जातो,
जर दुसरा कंदील असेल.

मी हे सांगितलं.
त्या म्हणाल्या, "म्हंजी जामिनावर सुटतंय."

मग मी काही बोलायच्या आत
त्यांनी शेजारची, फुलं नसलेली वेल उकरली.
माझ्या तोंडून 'अहो' निघालं,
पुढचं वाक्य इंग्रजीत सुचत होतं, ते गिळलं.
कंद छोट्या कांद्याएवढा.
लुगड्याला पुसला, नखानं मोडला,
डोळ्याचा तुकडा खड्ड्यात, वर माती, वर एक चपटा दगड.
उरलेला माझ्या तळहातावर.
"खा. न्हाईतर तुला काय कळायचंय?"

कच्चा, गार, आधी पाणीच,
मग दुधासारखं काहीतरी,
मग किंचित कडू, जे बराच वेळ गेलं नाही.

परतीच्या एसटीत मांडीवर फॉर्म घेतला.
आढळ: बालाघाट. यापुढे जाळीचा पत्ता मी लिहिला नाही;
फोटो पाहून कुदळ घेऊन येणारे मला ठाऊक आहेत.
अधिवास: मुरूम, उतार, निवडुंगाची सावली,
आणि एका बाईची आठवण. हे पेन्सिलीनं.
स्थिती: पाहिल्या दोन.
त्यातल्या एकीचं पुढच्या पोळ्याला कळेल.

नमुना घेतला का? हो.
कुठे जमा केला?

केजच्या फाट्यावर गाडी थांबली, चहावाला चढला, उतरला.
नखात लाल माती होती.
मी ती रेघ अजून भरलेली नाही.