ग्राहकाचे नाव

बिल पालथं केलं की मागे बारीक अक्षरात
सगळं लिहिलेलं असतं. कोणी वाचत नाही.
मी वाचलं, कारण त्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते
आणि कोपरीच्या आमच्या लस भांडारात
पाच फ्रीज, दोन शीतकपाटं आणि मी
एवढेच हजर होतो.

जुनी उपकरणं जमा करा, कमी वीज खाणारी न्या.
शासकीय कार्यालयांना सवलत,
उरलेले पैसे बिलातून हप्त्यांनी.
शक्तिगुणक सुधारा, परतावा मिळवा.

शक्तिगुणक मला वायरमन खैरमोडेंनी समजावला:
बंद पडलेली जीप ढकलायला दहा जण येतात,
सात जण ढकलतात,
तिघे नुसता हात लावून चालतात.
चहा मात्र दहांचा.
मग बाकड्यावर बसून म्हणाले,
मॅडम, ही फक्त विजेची गोष्ट आहे बरं का.

अर्जाचा पहिला रकाना:
ग्राहकाचे नाव, बिलावर आहे तसेच.

बिलावर होतं,
अधीक्षक, देवी निर्मूलन पथक, ठाणे.

देवी गेली, माझ्या जन्माआधीच.
पथक गेलं, पथकाची गाडी लिलावात गेली,
अधीक्षकांची खुर्ची नवं रेक्झिन लावून
कुठल्यातरी दालनात बसली असेल.
मीटर राहिला.
दरमहा भरणा मुदतीत, थकबाकी निरंक.
असला सचोटीचा ग्राहक
वीज कंपनीला दुसरा मिळायचा नाही.

वागळे इस्टेटच्या कार्यालयात बाई चांगल्या होत्या.
पाणी दिलं. योजना एकतीस तारखेपर्यंतच, म्हणाल्या,
आधी नाव बदलून घ्या.
नाव बदलायला मूळ ग्राहकाचं ना-हरकत पत्र.
मूळ ग्राहक कुठे भेटेल?
त्यांनी संगणकात पाहिलं.
पत्त्यावर.

पत्त्यावर मीच असते, दहा ते सव्वासहा.

विटाव्याला, खाडीच्या अंगाला, पोशा मढवी सापडले.
पथकातले शेवटचे टोचणीवाले.
खाटेवर बसून निवृत्तीवेतनाचं पुस्तक चाळत होते,
जणू मी तेच तपासायला आले होते.
आमचे येलंला कसला फ्रीज, म्हणाले,
थरमास व्हता, बरफ व्हता,
न् पाय व्हते.
मग बिल डोळ्यांजवळ नेलं. पथकाच्या नावावरून
अंगठा एकदा फिरवला.

बिल कोन भरतं?
सरकार.
सवलत कुनाला?
सरकारला.
मंग हरकत कुनाची?

मला उत्तर आलं नाही.
त्यांनी पेन मागितलं, सही केली,
आणि हुद्द्याच्या रकान्यात
सावकाश लिहिलं: हयात.

फाईल आता वर आहे.
तिथून एक शेरा आला होता:
वाचलेली रक्कम कोणत्या लेखाशीर्षाखाली जमा दाखवावी,
याबाबत अभिप्राय द्यावा.
खर्चाला शीर्षं होती, पानभर.
वाचण्याला मला एकही सापडलं नाही.
एकतीस तारीख गेली. मुदतवाढ मिळेल म्हणतात.

दरम्यान खैरमोडेंनी फ्रीजच्या दारात
दहाची नोट धरून दार लावायला सांगितलं.
नोट घसरून खाली पडली.
दुसऱ्याची पडली, चौथ्याची पडली.
रबर गेलंय, म्हणाले. थंडावा फरशी पीत होती,
वर्षानुवर्षं, आमच्या पायांशी,
आणि आम्ही म्हणत होतो, काय बाई गार वाटतंय इथे.
रबराची पट्टी स्टेशनजवळच्या बोळात मिळाली.
पावती घेतली नाही. कुणाच्या नावाने घेणार?

या महिन्याचं बिल आलं.
दोनशे बारा युनिट कमी.
नाव तेच.
आवक नोंदवहीत मी ते पूर्ण लिहिलं,
नेहमीसारखं नुसतं ‘वीज’ न लिहिता.

चौथ्या फ्रीजच्या दारात नोट अजून आहे.
मी रोज एकदा ओढून पाहते.
निघत नाही.