शेरा

गेट नंबर दोनवर माझं काम सोपं:
डंपर आला की वेळ, गेला की वेळ,
मधल्या रकान्यात काय नेलं ते.
माती. माती. राबीट. माती.
शेवटचा रकाना 'शेरा'.
तो बहुतेक कोराच.

बाहेर जाणाऱ्या गाड्यांची चाकं धुते फुलवंता.
पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबून
टायरच्या खाचांतून ती डोंगर काढते,
भांडुपचा, तांबडा, चिकट.
"आमच्याकडं एवढी माती असती," म्हणते,
"तर पायाला लागलेलीसुद्धा कुणाला नेऊ दिली नसती."

उतारावर काथ्याची जाळी अंथरली ऋजुता मॅडमनी.
खाली पोत्यांची रांग,
मग तीन खड्डे, एकातून दुसऱ्यात पाणी सांडेल असे.
मला म्हणाल्या, शेवटच्या खड्ड्याचं पाणी
रोज बाटलीत भरून ठेवा,
सकाळी तळाला किती बसतं बघा.
जूनमध्ये चार बोटं बसायचं.
ऑगस्टात दीड.
मी हे घरी सांगितलं.
घरी कुणाला काही वाटलं नाही.

मग पुढची जुनी वसाहत पाडली.
ढिगात एक स्विचबोर्ड सापडला, काळा,
एका बटणाखाली नेलपॉलिशनं लिहिलेलं: पंखा.
दाबून पाहिलं. खट्.
परत डंपरमध्ये टाकला.
लिहिलं: राबीट, क्रशिंग प्लांट, ११.४०.

रविवारी साडूबरोबर खाडीवर गेलो, चिंबोऱ्यांना.
ओहोटी लागलेली.
"इथं मांडीपर्यंत चिखल होता," तो म्हणाला,
"आता पाय ठेवला की टाइल वाजते."
तिवरांची मुळं श्वासासाठी वर आलेली
आणि त्यांच्यावर कुणाच्या तरी मोरीची निळी फरशी.
त्यानं आकडीनं बीळ उकरलं.
आधी वायर आली.
मग: पंखा.
मी बटण दाबलं.
आत चिखल होता, आवाज झाला नाही.

सोमवारी लालमनला गाठलं.
तो स्टेअरिंगवरच जेवत होता.
"प्लांट किती लांब ते विचारा,
मग डिझेलचा भाव विचारा,
शेठ किती फेऱ्यांचे देतो ते विचारा,
मग मला विचारा."

मी ओरडणार होतो.
पण वेळा माझ्याच अक्षरात होत्या:
गेला ११.४०, आला १२.१५.
पस्तीस मिनिटांत प्लांट होत नाही,
जाऊनसुद्धा नाही, येणं तर सोडाच.
महिनाभर खाली सह्या केल्या, फेऱ्यांची बेरीज केली.
वजाबाकी तेवढी कधी केली नव्हती.

शेऱ्यात लिहिलं: पंखा परत आला.
ऋजुता मॅडमनी वाचलं, दोनदा.
काही बोलल्या नाहीत, पानाचा फोटो काढला
आणि मोबाइल कानाला लावून
पत्र्यांच्या पलीकडे गेल्या.

फुलवंता पाइप गुंडाळत होती.
"मला ठाऊक होतं," म्हणाली.
"परत येणाऱ्या चाकांना काळा चिखल असायचा.
आपला तांबडा."
"मग बोलली का नाहीस?"
"तुमच्या वहीत रंगाचा रकाना आहे का?"

नव्हता.
आज आखला.
पट्टी सापडेना,
म्हणून त्या बोर्डाच्याच फुटक्या कडेनं.
रेघ जरा वाकडी आली.