डग्गा खाटेखाली

भुसावळला, झोपेंच्या दुकानात, दोन तास गेले.
इकडे मांडीएवढे उंच स्पीकर, सागवानी रंगाचे.
तिकडे मुठीत मावतील असे दोन,
आणि त्यांचा काळा डबा,
खाटेखाली ढकलायचा.

"खर्ज कुठून येऊन राह्यला, कोणाले कळत नाई,"
झोपे म्हणाले.
तेच खटकलं.
डग्गा खाटेखाली
आणि चाट फळीवर?
एकाच माणसाचे दोन हात
असे लांब लांब बसवायचे?

कुमुदने टेप लावून पाहिली.
मोठे आणले तर कपाट उघडणार नाही.

छोटे आले.

रात्री अडीचला
क्वार्टरमागून कोळशाची मालगाडी गेली.
मांडणीवर पेले थरथरले,
छातीतही काही.
मी वाकून खाटेखाली पाहिलं.

डबा बंद होता.