कारणाचा रकाना

फैजपूरहून सावद्याकडे जाताना
जिथं केळीची बाग रस्त्यावर वाकून बघते,
तिथं पांढरी गाडी उभी होती
तोंड फैजपूरकडे करून.
आली होती फैजपूरहूनच.

मी विम्याचा सर्व्हेअर, भुसावळचा.
छत्री मानेत धरून फोटो काढतो :
बंपर, दार, मोडलेले चार खांब.
घड हिरवेच. चीक गळतोय बॉनेटवर.
उद्या त्याचे डाग काळे पडतील,
त्यांचे पैसे मिळत नाहीत.

हेमलता फिरके, सावद्याच्या शाळेत गणित शिकवतात.
बांधावर बसल्या होत्या, एकाच पायात चप्पल.
"मी तं काहीच नाई केलं भाऊ.
गाडी सरय चालली होती, साठच्या आत.
वळण आलं, पाणी दिसलं,
म्हटलं हळू जावं, म्हणून पाय उचलला फक्त.
ब्रेकही नाई मारला.
मग ह्या केयीच फिराले लागल्या माह्याभोवती."

पाऊस तसा काहीच नव्हता, भुरभुर.
मोठ्या पावसात रस्ता धुऊन निघतो, माणूसही जपून असतो.
पोळ्यानंतर आठ दिवस कोरडे गेले होते,
ट्रकांनी तेल सांडलं,
ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला गारा आणून डांबरावर थापला,
तो वाळला, आणि आज सकाळी
कुणीतरी त्यावर पाणी शिंपडल्यासारखं झालं.
बाकी केळीच्या गाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या,
त्यात पेरभर पाणी. वरून आभाळ दिसतं, खोली दिसत नाही.

मी चिखलात गुडघे टेकून रुपया काढला.
पुढच्या टायरच्या खाचेत तो पार बुडाला,
रबराची लव अजून अंगावर होती.
मागच्या टायरवर रुपया नुसता उभा राहिला, आणि पडला.

"पुढचे नवे, मागचे जुने?"
"ह्यांनीच टाकले, गणपतीच्या आधी.
दोनाचेच पैसे होते.
म्हणाले, पुढं नवे राहू दे, तू एकटी जाते."

चाकाचं काम एवढंच, पाणी बाजूला सारणं.
खाचा उरल्या नाहीत की पाण्याला वाट उरत नाही,
ते पाचर होऊन खाली शिरतं
आणि गाडी उचलतं,
वहीच्या एका पानाइतकी.
पुढच्या चाकांनी रस्ता धरला होता.
हातांना पुढचंच कळतं.
मागची दोन चाकं केव्हाच पाण्यावर गेली होती,
आणि त्यांचा निरोप घेऊन येणारं
गाडीत कुणी नव्हतं.
तेवढ्यात पाय उचलला.
उतारावर बैलाच्या मानेवर ओझं यावं
तसं वजन पुढं सरकलं,
मागचं अंग हलकं झालं,
आणि पुढं निघालं.

हे सगळं मला येतं.
चौदा वर्षं येतंय.
फॉर्मवर कारणाला एक ओळ असते.
तिच्यात जपून चालवणारी बाई मावत नाही,
तिच्यासाठी दुकानात उभं राहून
पैसे दोनदा मोजणारा माणूस तर नाहीच.

तो आला मोटारसायकलवरून, रेनकोट उलटा घातलेला.
आधी बायकोकडे बघितलं, मग तिच्या पायाकडे,
मग चिखलात शिरून दुसरी चप्पल शोधून आणली.
मला म्हणाला,
"टायर तं नवे होते ना साहेब? पुढचे?"
"हो," मी म्हणालो, "पुढचे नवेच आहेत."
आणि रकान्यात लिहिलं : रस्ता ओला.

परत येताना ताशी चाळीस.
मागून हॉर्न देत दोघे पुढं गेले, जाऊ दिलं.

मंजूषा रोज सकाळी सातला वरणगावला जाते.
मागल्या दिवाळीत तिच्या गाडीचे टायर बदलले,
दोन. मीच उभा होतो तिथं.
दुकानदारानं विचारलं, कुठं टाकू,
आणि मी काय म्हणालो ते मला आठवत नाही.

रुपया खिशात आहे.
पार्किंगमधला दिवा गेलाय.