डावा घोटा

अकरा हिवाळे मी तिचा डावा घोटा बांधला.
आधी मऊ गुंडाळी, मग पांढरी टेप,
टाचेखालून वर, तिरकी, परत टाचेखालून.
बाकीचे तिला चेहऱ्याने ओळखतात.
मला विचाराल तर ट्वायला मॅबरी म्हणजे
बर्फ पडायचा असला की आदल्या दिवशी फुगणारा सांधा.

ती गॅरीची. इंडियाना.
तिच्या बापाने पोलादाच्या भट्टीपुढे गुडघे झिजवले,
माझ्या नवऱ्याने इथे, कोशित्सेत, तेच केलं.
पहिल्या दिवशी ती बसमधून उतरली,
दोन बॅगा, पातळ कोट,
आणि नेमका वारा कारखान्याकडून होता.
आम्ही ओशाळलो.
ती थांबली. छाती भरून घेतली. काहीतरी बोलली.
दुभाषी पोरगी म्हणाली,
"हा वास तिच्या गल्लीतला आहे म्हणते."

चौथ्या वर्षी संघटनेचे लोक कागद घेऊन आले.
राष्ट्रीय संघात पोरी होत्या, उंच, प्रामाणिक,
पण चेंडू हातात आला की
गरम बटाटा धरल्यासारख्या.
तिने शपथ घेतली, जोडाक्षरांत ठेचकाळत.
टीव्हीवाल्याने पहिल्याच सामन्यात
तिची मॅब्रिओवा करून टाकली.
आमच्याकडे बाईच्या आडनावाला शेपूट लागतं.
"ही मी कुणाची बायको झाले?" तिने विचारलं.
मी म्हटलं, "कुणाची नाही. होईल सवय."
मलाच कुठे झाली होती, पस्तीस वर्षांत.

अमेरिकेविरुद्ध ती एकदाच खेळली.
साधा मैत्रीचा सामना, हॉल अर्धा रिकामा.
आधी त्यांचं राष्ट्रगीत.
तिचा उजवा हात छातीकडे निघाला,
वाटेत थांबला,
आणि शॉर्ट्सची कड धरून राहिला.
मग आमचं.
तेव्हाही कडच धरलेली.
एकेचाळीस गुणांनी हरलो. बावीस तिने एकटीने केले.
नंतर टेबलावर बसली, गप्प.
मी टेप ओढली जोरात, केसांसकट,
तेव्हा शिवी हासडली.
आमच्या भाषेत.

नियम असा आहे की मागाहून नागरिक झालेलीला
संघात जागा एकच.
लोकांना हे माहीत नसतं. मलाही नव्हतं.
तिच्या चौतिसाव्या वर्षी टेक्ससची एक आली,
तेवीसची, घोटे असे
की त्यांना टेप लावणं पाप वाटावं.
तिलाही पासपोर्ट मिळाला.
प्रशिक्षक ह्रिन्को दारातूनच बोलले, आत आले नाहीत.
ट्वायला बूट बांधत होती. दोन्ही बांधून झाले.
मग दोन्ही सोडले.

रद्द काही झालं नाही, बरं का.
दोन्ही देश तिच्या खिशात तसेच.
बाकावरची जागा तेवढी एक.

मला वाटलं, जाईल आता. गेलीही.
सहा आठवड्यांनी तीच बस, त्याच बॅगा.
म्हणे गॅरीत किराणा दुकानातल्या पोऱ्याने विचारलं,
"बाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?"
एवढंच सांगितलं, आणि माझ्याकडचं
गार झालेलं सूप तसंच प्यायली.

आता तेरासातल्या शाळेत पोरींना शिकवते.
ओरडते अशी की वरच्या मजल्यावर
गणिताचे मास्तर खडू ठेवून देतात.

गेल्या नोव्हेंबरात मतदान त्याच शाळेच्या जिममध्ये होतं.
पेटी बरोबर बास्केटखाली.
ती रांगेत माझ्यापुढे,
डाव्या पायावर भार न देता.
यादीवरच्या म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर नेला.
"नुसतं मॅबरी? ओवा नाही?"
"ओवा टीव्हीवर," ती म्हणाली, "इथे नाही."

लिफाफा फटीत सोडला
तरी तिचं मनगट क्षणभर हवेत वाकलेलंच राहिलं,
फ्री थ्रोनंतर राहायचं तसं.
मागून कुणीतरी खोकलं.
मी खाली पाहिलं.
मोज्याच्या वर सांधा टरारलेला.

उद्या बर्फ पडणार.