प्लास्टरचे बेचाळीस दिवस

दिवाळी सरली अन् पुष्पकला हापशीवर घसरली.
उजवं मनगट.
दारव्ह्याच्या डॉक्टरनं बेचाळीस दिवस सांगितले.

तीस वर्षं मी खांबावर चढलो,
गावातल्या कुठल्या घराचं मीटर कुठं, अंधारात सांगू शकत होतो.
आपल्या घरात मिठाचा डबा कोणता, ते मात्र
झाकणं उघडून पाहावं लागलं.

पहिला आठवडा वरण-भात.
मग भात-वरण.
मांजर यायचं, ताटात डोकवायचं,
पाटलाच्या घराकडं निघून जायचं.

आठव्या दिवशी ती बाजेवरून बोलली,
"डाळ तीच राहू द्या. फोडणी बदलून पाहा.
मोहरीच्या जागी जिरं टाका,
अन् लसूण सोलत बसू नका,
सालासकट ठेचा."

ठेचला. टाकला.
वरण तेच होतं अन् तेच नव्हतं.
दोन तारांची अदलाबदल केली
की विहिरीवरची मोटार उलटी फिरते,
हे मला ठाऊक होतं.
लसणाचं नव्हतं.

मग सकाळचं वरण रात्री चिकोल्या झालं.
कणीक लाटली, सुरीनं कापली,
एकही तुकडा दुसऱ्यासारखा नाही.
"शिजल्यावर कोण मोजते?" ती म्हणाली.

भाकर काही जमली नाही.
तव्यावर तिचे तालुके वेगळे झाले.
ते तसेच ताकात कुस्करले, वरून कांदा,
हिरव्या मिरचीचा एक चावा.
मी दोनदा घेतलं.

शेजारच्या वनमाला उईकेनं
ओट्यावर हरभऱ्याची भाजी आणून ठेवली,
नखं अजून आंबट होती तिची.
"घोटताना मूठभर जवारीच्या कण्या टाका, भाऊजी,
नाही तं नुसतं पानीच होते."
तुरीला शेंगा भरल्या तशी
मी दारात बसून सोले काढायला शिकलो.
अर्धे भातात,
अर्धे भाजून वाटून आमटीत.
एकाच शेंगेचे दोन दिवस.

"चटण्या दोन करून ठेवा," ती म्हणे.
"एक जवसाची, एक कराळाची.
आज ही, उद्या थे.
दुसरं काई नाई बदललं तरी
ताट बदलल्यासारखं वाटते."

पोराचा पुण्याहून फोन आला.
"काय जेवले, बाबा?"
"कढीगोळे," मी सांगितलं, "गोळे थोडे फुटले."
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मागं त्याच्या मेसमधल्या ताटांचा आवाज येत होता.

एका रात्री भांडी घासता घासता विचारलं,
"हे सगळं तू रोज करत होतीस?"
"रोज नाई. दोन दिवसाआड."
"मला कधी कळलं नाही."
"तुम्ही बातम्या पाहत जेवायचे.
मी एकदा विचारलं होतं, आज भाजी कशी झाली,
तं म्हणाले, बरी आहे, नेहमीसारखी.
त्या दिवशी भाजीच नव्हती.
झुणका होता."

राख संपली होती.
मी उगाच रिकामी कढई घासत राहिलो.

त्रेचाळिसाव्या दिवशी प्लास्टर कापलं.
आतून निघालेला हात
कोवळ्या मुळ्यासारखा पांढरा.
घरी आल्या आल्या ती चुलीपुढं बसली,
पळी उचलली,
बोटं वळून पाहिली,
अन् पळी माझ्याकडं दिली.

"आज तुम्हीच करा.
हात दुखते म्हणून नाई.
माझ्याच हातचं खाऊन खाऊन
मलेबी कंटाळा आला होता.
मी कोणाले सांगू?"

"जिरं टाकू, का मोहरी?"
"आज मले इचारू नका."

बाजूच्या फळीवर अंबाडीची फुलं वाळत ठेवलेली.
चार चुरली, वरणात सोडली.
कोणी सांगितलं नव्हतं.

तिनं पहिला घास घेतला.
चावता चावता थांबली.
"काय टाकलं?"

मी तिच्या ताटात आणखी थोडं वाढलं.
सांगितलं नाही.