ओरेशाक, वय तेरा

ऑक्टोबरचा दुसरा रविवार. पार्दुबित्सेत
नांगरलेल्या रानाचा वास थेट ट्रॉलीबसमध्ये शिरतो.
मी थर्मास घेते, ओटाकारची जुनी दुर्बीण घेते.
तिची डावी काच तडकलीय, म्हणून
गेली काही वर्षं मी घोडा एकाच डोळ्याने बघते.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा सहा वर्षांचा.
कुमैत, मागच्या एका पायात पांढरा मोजा,
कान असे, की कुणीतरी हाक मारलीय
आणि ती कुठून आली ते ठरत नाहीये.
अकरावा आला. मी शंभर क्राउन हरले
आणि घरी येऊन म्हणाले, हा माझा.
"तुझा? शेपटीचा एक केस तरी तुझा आहे का?"
ओटाकार खोकेपर्यंत हसला.

बत्तीस वर्षं मी बेकरीत मधाच्या बिस्किटांवर
साखरेने नावं लिहिली. सुपरवायझरची पाठ वळताच
एकदा ओरेशाक लिहिलं, तबेल्यात नेलं.
त्याला खरारा करणारी वेन्दुला म्हणाली,
गोड नको, दात जातील.
मग आम्ही दोघींनीच खाल्लं, अर्धं अर्धं.
तो बघत होता.

आठव्या वर्षी पडला, उठला,
रिकाम्या खोगिराने उरलेले सगळे अडथळे मारत आला.
लोकांनी टाळ्या पिटल्या, त्याला वाटलं जिंकलो.
नवव्या वर्षी तिसरा.
त्याबद्दल मी फारसं बोलत नाही,
एका अनोळखी माणसाच्या गळ्यात पडले होते.

दहाव्या वर्षी ओटाकार इस्पितळात, उशाशी रेडिओ.
कुठवर आला, त्याने विचारलं.
पुढे आहे, मी म्हणाले. नव्हता.
ओटाकार डोळे मिटून पुटपुटला, टाच खाली, टाच खाली.
जन्मात कधी घोड्यावर बसला नव्हता.

अकराव्या वर्षी चौथ्या अडथळ्यापाशी
माणसांनी हिरवा पडदा धरला,
एका करड्या घोडीभोवती.
पडद्यामागे काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक असतं.
पुढच्या वर्षी मी पुन्हा तिकीट काढलं.
हे लिहून ठेवते, कारण घोड्यावर जीव आहे म्हणताना
एवढंच नेमकं गाळायची सवय लागते.

आज तेरा. पाठ खोलगट झालीय,
भुवयांवर पांढरे केस, माझ्यासारखे, नको तिथे.
भाव एकाला सत्तर.
खिडकीतला पोरगा म्हणाला, आजी, हा? नक्की?
हो, हाच. जिंकणार म्हणून लाव.
पावती मुठीत धरली
आणि मनात म्हटलं, नको रे पळूस.

चौथा अडथळा म्हणजे कुंपण, आणि पलीकडे खंदक,
उडी मारेपर्यंत घोड्याला न दिसणारा.
ओरेशाकने तो सात वेळा पाहिलाय, वरून.
बाकीचे उठले, गेले.
तो थांबला.
जॉकी मानेवर घसरला, शिव्या हासडल्या,
आणि हा काठाशी उभा, कान पुढे,
जिन्याच्या वरच्या पायरीवर म्हातारं माणूस थबकतं तसा :
खाली कशाला बरं निघालो होतो?
कुणीतरी शिट्टी मारली.
मी टाळ्या वाजवल्या. लोकरी हातमोज्यांत,
मलाही ऐकू आल्या नाहीत.

वेन्दुला धावली, लगाम धरला.
दोघं नांगरटीतून चालत परत आले, घाई नाही,
मधेच त्याने बांधावरच्या गवताला तोंड लावलं.

शर्यत कुणी मारली ते मला ट्रॉलीबसमध्ये कळलं.
पावती अजून पाकिटात आहे.
वेन्दुला म्हणते, हिवाळ्यात येऊन जा.
येताना बिस्किट आण. चालेल आता,
दात तसेही गेलेत.